चंदीगडची खुर्ची, पिएर जानरे आणि नाशिकच्या घरासाठी विचारलेला एक प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गंगापूर रोडवरच्या नव्या घरात जेवणाच्या टेबलाभोवती ठेवण्यासाठी तुम्हाला सहा वेताच्या खुर्च्या हव्या आहेत. एका विक्रेत्याने तुम्हाला पाठीवर रंगाने अक्षरे आणि आकडे लिहिलेली एक जुनी खुर्ची दाखवली, ती ‘ओरिजिनल चंदीगड’, म्हणजे चंदीगड शहर नव्याने उभे राहताना तेथील सरकारी इमारतींसाठी केलेल्या खुर्च्यांपैकी, आहे असे सांगितले आणि एका खुर्चीची किंमत लाखाच्या वर लावली. ज्यांच्या नावाने ती विकली जाते ते पिएर जानरे कोण होते, ही खुर्ची खरोखर त्यांचीच मानावी का, आणि तशीच खुर्ची नाशिकच्या सुताराकडून करून घेतली तर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे.

मी नाशिकमध्ये बरीच वर्षे वास्तुरचनेचा व्यवसाय करतो, जुन्या वाड्यांच्या लाकूडकामाची दुरुस्ती करतो आणि घरांसाठी लाकडी सामान आरेखून करून घेतो. जानरे यांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि आज त्यांच्या नावाभोवती जो बाजार उभा राहिला आहे त्यात त्यांचे काम हरवून जाते, असे मला वाटते. म्हणून उत्तर सविस्तर देतो. तो माणूस काय विचाराने काम करत होता हे कळले, की खुर्ची घ्यावी की करून घ्यावी याचा निर्णय पुष्कळसा आपोआप होतो.

वास्तुरचनाकार पिएर जानरे यांचा जन्म २२ मार्च १८९६ रोजी स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे झाला. तेथील कलाविद्यालयात शिकून ते पॅरिसला आले आणि काही काळ पेरे बंधूंच्या कार्यालयात राहिले. काँक्रीटचा सांगाडा झाकून न ठेवता त्यालाच वास्तूचे रूप मानण्याची सवय त्या कार्यालयाने एका सबंध पिढीला लावली. १९२२ मध्ये ते आपल्या चुलत भावाबरोबर काम करू लागले. या भावाचे मूळ नाव शार्ल एदुआर जानरे. जग त्यांना ल कॉर्ब्युझिए या टोपणनावाने ओळखते. पॅरिसच्या र्‍यू द सेव्हर या रस्त्यावर ३५ क्रमांकाच्या इमारतीत या दोघांचे कार्यालय होते, आणि १९२४ पासून दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंत तेथून जे काही बाहेर पडले, त्यातील बहुतेक कामांवर दोघांचीही नावे आहेत. पॅरिसजवळच्या प्वासी गावातील व्हिला साव्हॉय हे घर, जे जगातील प्रत्येक वास्तुकला महाविद्यालयात शिकवले जाते, तेही दोघांचे काम आहे. खांबांवर उचललेले घर, गच्चीवरील बाग, भिंतींच्या बंधनातून सुटलेला नकाशा, आडव्या पट्टीसारख्या लांब खिडक्या आणि भार न वाहणारी मोकळी दर्शनी भिंत ही नव्या वास्तुकलेची जी पाच सूत्रे सांगितली जातात, तीही या दोघांच्या सहीने प्रसिद्ध झाली होती. नाशिकमध्ये आज खाली वाहनतळ सोडून खांबांवर उभ्या राहिलेल्या ज्या असंख्य इमारती आपण पाहतो, त्यांचा एक दूरचा धागा त्या पाच सूत्रांपर्यंत जातो, जरी त्यामागचा विचार वाटेत बराच पातळ झालेला असला तरी.

दोघांच्या स्वभावांत मोठा फरक होता. थोरले बंधू लिहीत, भाषणे देत, वाद घालत, जगभर फिरत. धाकटे टेबलाशी बसून रेखाचित्रे तयार करत, जोड कसा बसेल, पाणी कोठून जाईल, खिडकी कशी सरकेल याचा पिच्छा पुरवत. अशा भागीदारीत ज्याचा आवाज मोठा त्याचे नाव टिकते, आणि येथेही तसेच झाले. १९२७ मध्ये शार्लोट पेरियाँ ही तरुण आरेखनकार त्यांच्या कार्यालयात आली, आणि तिघांनी मिळून पोलादी नळ्यांचे सामान तयार केले. चामड्याच्या जाड गाद्या नळ्यांच्या पिंजऱ्यात बसवलेली आरामखुर्ची आणि कल बदलता येणारे, पाय पसरून पहुडण्याचे लांब आसन हे त्यांतले सर्वांत परिचित. १९२९ च्या पॅरिसमधील शरद प्रदर्शनात ते मांडले गेले. नंतर कसीना या इटालियन कंपनीने ते पुन्हा बनवायला घेतले तेव्हा त्यांना ल कॉर्ब्युझिए यांच्या ‘एलसी’ या आद्याक्षरांनी सुरू होणारे क्रमांक मिळाले, आणि एका अक्षरजोडीत तिघांपैकी दोघांची नावे गळून गेली. हा तपशील मी मुद्दाम देत आहे, कारण ‘ही खुर्ची कोणाची’ हा प्रश्न चंदीगडच्या बाबतीतही असाच उभा राहणार आहे आणि त्या वेळी माप उलट्या बाजूने चुकते.

युद्धाच्या काळात दोघा भावांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ल कॉर्ब्युझिए यांनी काही काळ जर्मनांशी सहकार्य करणाऱ्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारकडून काम मिळवण्याचे प्रयत्न केले. पिएर ग्रनोबलला गेले आणि तेथे जर्मनांविरुद्धच्या भूमिगत प्रतिकाराशी त्यांचा संबंध राहिला. याच काळात त्यांनी झाँ प्रूव्हे यांच्याबरोबर सुट्या भागांतून जोडता आणि पुन्हा सोडवता येतील अशा घरांवर काम केले. प्रूव्हे हे मुळात लोहार, पत्र्याची घडी कशी घातली म्हणजे तो ताकद धरतो हे हाताने जाणणारे. साहित्य तुटपुंजे, कुशल हात थोडे आणि घाई मोठी, अशा परिस्थितीत काय करायचे, याचा विचार या कामात होता. माझ्या मते चंदीगडच्या खुर्चीचे मूळ पॅरिसच्या नळ्यांच्या सामानात जेवढे नाही, तेवढे या युद्धकाळातील शिस्तीत आहे. युद्धानंतर अमेरिकेतील नोल कंपनीसाठी त्यांनी एक लाकडी खुर्ची केली, तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांना छेदतात आणि जोड बोल्टने उघडपणे बांधलेला आहे. जोड लपवायचा नाही, तोच अलंकार, ही सवय तेथे स्पष्ट दिसते.

१९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातील पंजाबला राजधानी उरली नाही. नव्या शहराचा पहिला आराखडा अमेरिकन नियोजनकार अल्बर्ट मेयर यांचा होता. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोव्हिकी १९५० मध्ये विमान अपघातात गेले, आणि पंजाब सरकारचे अधिकारी पी. एन. थापर व मुख्य अभियंता पी. एल. वर्मा नव्या माणसांच्या शोधात युरोपला गेले. लंडनच्या मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू या वास्तुरचनाकार दांपत्याने तीन वर्षांसाठी येण्याचे मान्य केले. ल कॉर्ब्युझिए पॅरिस सोडायला तयार नव्हते. वर्षातून दोनदा साधारण महिनाभर येण्याचा त्यांचा करार झाला, आणि प्रत्यक्ष जागेवर राहून काम पाहण्यासाठी त्यांनी पिएर यांचे नाव पुढे केले. १९५१ मध्ये आलेले पिएर १९६५ पर्यंत राहिले. शिवालिकच्या टेकड्यांकडे तोंड करून उभी असलेली उच्च न्यायालय, सचिवालय आणि विधानसभेची प्रचंड काँक्रीटची वास्तू आपण ल कॉर्ब्युझिए यांच्या नावाने पाहतो आणि ते योग्यच आहे, पण ते परदेशी असताना जागेवरचा प्रत्येक प्रश्न ज्यांच्या टेबलावर येत असे ते जानरे होते. पुढे ते पंजाब सरकारचे मुख्य वास्तुरचनाकार झाले.

त्यांचे स्वतःचे काम मात्र त्या भव्य वास्तूंच्या मागच्या सेक्टरांमध्ये आहे. सरकारी घरांचे तेरा प्रकार ठरवण्यात आले होते, मुख्यमंत्र्यांपासून शिपायापर्यंत, आणि प्रत्येक प्रकाराचा खर्च पगाराच्या पायरीवर बांधलेला होता. फ्राय, ड्रू आणि जानरे यांनी ती घरे आपापसांत वाटून घेतली. जानरे यांच्या घरांत विटा उघड्या असतात, त्यांवर गिलावा नसतो. विटांच्याच जाळ्या केलेल्या असतात, त्यांतून वारा येतो आणि ऊन अडते. खिडक्या लहान आणि खोल बसवलेल्या असतात. कमी पैशांत बांधलेले घर गरिबासारखे दिसू नये, याची काळजी त्या भिंतींत दिसते. नाशिकच्या उन्हाळ्यात पश्चिमेकडील काचेच्या भिंतीमागे वातानुकूलन यंत्र लावून बसणाऱ्या आपल्या व्यवसायबंधूंनी ही घरे एकदा मे महिन्यात जाऊन पाहावीत, असे मी कळकळीने सांगतो. पंजाब विद्यापीठाचा परिसर त्यांनी बी. पी. माथुर यांच्यासह उभा केला. तेथील पाण्याच्या कुंडात उभे असलेले, १९६२ मध्ये पूर्ण झालेले गांधी भवन हे त्यांचे सर्वांत मुक्त, शिल्पासारखे काम आहे; २०१५ मध्ये अमेरिकेतील गेटी प्रतिष्ठानने त्याच्या जतनासाठी अनुदान दिले.

या कामात भारतीय तरुण वास्तुरचनाकारांचा आणि नियोजनकारांचा एक चमू होता: एम. एन. शर्मा, युली चौधरी, आदित्य प्रकाश, जीत मल्होत्रा, बी. पी. माथुर, जे. एस. देठे, ए. आर. प्रभावळकर आणि इतर. त्यांतील शर्मा पुढे जानरे यांच्या जागी मुख्य वास्तुरचनाकार झाले. फर्निचरची गोष्ट या चमूशिवाय सांगता येत नाही.

एक सबंध राजधानी उभी राहते तेव्हा केवळ इमारती पुरत नाहीत. सचिवालयातील कारकुनाला टेबल लागते, न्यायालयात बाके लागतात, विद्यापीठाच्या ग्रंथालयात शेकडो खुर्च्या लागतात, वसतिगृहात खाटा लागतात, सरकारी बंगल्यात कोच लागतो. हे सगळे बाहेरून आणण्याइतका पैसा नव्हता, आणि यंत्रांवर एकसारखे भाग काढणारा कारखाना हाताशी नव्हता. होते ते सुतार, साग आणि शिसवीसारखे लाकूड, आणि वेत विणणारे हात. जानरे आणि त्यांचे सहकारी रेखाचित्रे करत, ती अनेक वेगवेगळ्या कार्यशाळांना दिली जात, आणि प्रत्येक कार्यशाळा आपल्या समजुतीने आणि आपल्या हाताच्या सवयीने काम करी. म्हणूनच एकाच प्रकारच्या दोन खऱ्या खुर्च्यांची मापेसुद्धा तंतोतंत जुळत नाहीत. युली चौधरी यांचा या सामानातील वाटा अभ्यासक आज मान्य करतात. काही प्रकार मूळ त्यांचे किंवा त्यांच्या जोडीने केलेले आहेत. लिलावाच्या बाजारात मात्र एकच नाव चालते, म्हणून सगळे जानरे यांच्या खात्यावर जमा होते. पॅरिसमध्ये ज्यांचे नाव गळाले त्यांच्या नावावर येथे इतरांचे काम चढले. याला जानरे स्वतः जबाबदार नाहीत, पण विकत घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. ‘जानरे यांच्या मार्गदर्शनाखाली चंदीगडसाठी केलेली खुर्ची’ हे म्हणणे सत्याच्या सर्वांत जवळ जाते.

आता तुम्ही पाहिलेल्या प्रकाराकडे येऊ. बाजूने पाहिले तर तिचा पुढचा आणि मागचा पाय वर, हाताच्या पट्टीखाली, एकत्र येतात आणि खाली फाकतात. कंपासपेटीतील कर्कटक उघडून उभे केले तर जशी आकृती होईल तशी. मध्ये एक आडवी पट्टी या दोन्ही पायांना बांधते आणि तिच्या आतल्या बाजूला बैठकीची चौकट बसते. म्हणजे प्रत्येक बाजूला एक त्रिकोण तयार होतो. सुतारकामात चौकोन ढिला पडतो, त्रिकोण पडत नाही. आणि कार्यालयातली खुर्ची मरते ती नेहमी पुढे-मागे हलून, कारण माणूस मागे रेलतो आणि मागच्या दोन पायांवर झुलतो. साध्या चार उभ्या पायांच्या खुर्चीत तो सगळा ताण मागच्या पायाच्या एका जोडावर येतो आणि काही वर्षांत तो जोड खुळखुळू लागतो. येथे तोच ताण त्रिकोणात वाटला जातो. पाय फाकलेले असल्यामुळे खुर्ची मागे कलंडत नाही, आणि खाली पायांना जोडणाऱ्या आडव्या काठ्यांची गरज नसल्यामुळे झाडू सरळ आत जातो.

पायाचा आकारही नीट पाहावा. तो वर जोडाशी रुंद आहे आणि जमिनीकडे निमुळता होत जातो. जेथे ताण जास्त तेथे लाकूड जास्त, जेथे कमी तेथे कमी. शिवाय असे निमुळते तुकडे फळीवर एकाचे डोके आणि दुसऱ्याचे टोक शेजारी येईल असे आखले, तर दोन सरळ कापांत फळीचा फारसा भाग वाया न जाता पाय निघतात. लाकूड वाफेवर वाकवावे लागत नाही, कोरीव काम नाही, गोलाई नाही. करवत, रंधा, पटाशी आणि गिरमिट एवढ्यावर ती होते. ज्या आरेखनकाराने आयुष्याची उमेदीची वर्षे चकचकीत पोलादी नळ्यांवर घालवली, त्याने येथे येऊन नळ्यांचा हट्ट धरला नाही आणि समोरच्या सुताराला जे उत्तम येते त्यातूनच खुर्ची काढली, ही गोष्ट मला त्यांच्या सगळ्या कामात मोठी वाटते.

बैठक आणि पाठ वेताची आहे, कारण उत्तर भारतातील उन्हाळ्यात गादीवर बसलेला माणूस घामाने भिजतो आणि वेताच्या जाळीतून हवा खेळते. पाठ बैठकीपासून थोडी वर, वेगळ्या चौकटीत आहे. कंबरेपाशी मोकळी जागा राहते. आणि जाळी फाटली तर खुर्ची टाकावी लागत नाही, पुन्हा विणता येते.

याच खुर्च्या पुढे कचरा ठरल्या. स्टीलची टेबले आणि फिरत्या गादीच्या खुर्च्या आल्या, तशी ही जुनी ‘मोडीत निघालेली’ लाकडे गच्चीवर आणि आवारात रचली गेली आणि खात्यांनी नियमानुसार त्यांचे लिलाव केले. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून फ्रान्समधील काही कलादालनवाल्यांनी ती ढिगांनी विकत घेतली, दुरुस्त केली आणि युरोप-अमेरिकेतील लिलावांत मांडली. यात बेकायदा असे सहसा काही नव्हते. आपला पुरावस्तू कायदा १९७२ चा आहे आणि सामान्यतः शंभर वर्षांहून जुन्या वस्तूच तो पुरावस्तू मानतो. १९५५ ची खुर्ची त्याच्या कक्षेत येत नाही. अखेर २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने चंदीगडमधील या वारसा-सामानाच्या विक्रीला आणि निर्यातीला मनाई केली, आणि प्रशासनाने उरलेल्या वस्तूंची यादी केली. त्या यादीत १२,७९३ वस्तू आहेत. २०१६ मध्ये तेथील उच्च न्यायालय, सचिवालय आणि विधानसभेचे राजधानी संकुल युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, तेव्हापासून किमती आणि नकला दोन्ही आणखी वाढल्या.

त्यामुळे तुम्हाला दाखवलेल्या खुर्चीबद्दल माझा सल्ला स्पष्ट आहे. पाठीवरची अक्षरे हा पुरावा नव्हे. खऱ्या खुर्च्यांवर खाते, इमारत आणि अनुक्रमांक रंगाने लिहिलेले असत हे खरे, पण एक साचा आणि रंगाची डबी असली की तेच कोणालाही करता येते, आणि जुने दिसण्यासाठी चहाचे पाणी, अमोनिया, साखळीचे मार हे सगळे उपाय बाजारात सर्रास चालतात. पाहायचेच असेल तर खुर्ची उलटी करा. जेथे हात पोचत नाही अशा जोडांच्या आतल्या कोपऱ्यांत लाकूड ताजे, फिकट आहे का ते पाहा. पायांची टोके फरशीवर वर्षानुवर्षे घासून तिरपी झिजली आहेत की चारही सारखी कापलेली आहेत ते पाहा. वेतासाठी पाडलेल्या भोकांच्या कडा पुनःपुन्हा विणल्यामुळे गुळगुळीत झाल्या आहेत का ते पाहा. एवढे करूनही खात्री होत नाही. कोणत्या खात्याच्या कोणत्या लिलावातून ही वस्तू बाहेर पडली याचा कागद नसेल, तर लाखाची किंमत देण्याचे कारण नाही. आणि कागद नसलेली खुर्ची खरी निघाली, तर ती सरकारी आवारातून कशी बाहेर आली हा प्रश्न तुमच्या दारात उभा राहील. शिवाय आपल्याकडील जुन्या सरकारी कचेऱ्यांत, शाळांत आणि वकिलांच्या कार्यालयांत जी सागवानी वेताची खुर्ची असे, ती चंदीगडची नव्हे. ती सार्वजनिक बांधकाम खात्याच्या जुन्या धाटणीची, सरळ पायांची, चांगली भक्कम खुर्ची आहे. अलीकडे तिलाही चंदीगडचे नाव लावून विकताना मी पाहतो. ती तिच्या स्वतःच्या गुणांवर, योग्य किमतीला जरूर घ्यावी.

राहिला प्रश्न करून घेण्याचा. माझे उत्तर होय असे आहे, आणि ते नाइलाजाने दिलेले नाही. जी खुर्ची मुळातच एका रेखाचित्रावरून अनेक सामान्य कार्यशाळांनी करावी म्हणून आखली गेली, ती नाशिकच्या कुशल सुताराने नीट केली तर आरेखनाचा हेतूच पुरा होतो. फक्त तिला चंदीगडची म्हणू नका, पाठीवर खोटे आकडे लिहू नका आणि कृत्रिम जुनेपणा आणू नका.

सर्वांत आधी तुमच्या टेबलाचे माप घ्या, कारण येथेच बहुतेकांची फसगत होते. ही हातांची खुर्ची लिहिण्याच्या टेबलामागे बसण्यासाठी आहे. आपल्याकडील जेवणाचे टेबल साधारण ३० इंच उंच असते आणि त्याच्या फळीखाली तीन-चार इंचांची पट्टी असते. खुर्चीचे हात २६-२७ इंचांवर आले तर ते त्या पट्टीला अडतात, खुर्ची आत सरकत नाही आणि येता-जाता टेबलाच्या कडेवर आदळून हातांच्या टोकांचे पॉलिश उडते. चंदीगडमध्ये हात नसलेले प्रकारही होते. जेवणासाठी चार तसे आणि टेबलाच्या दोन टोकांना दोन हातांचे, अशी जोडणी मी सुचवीन. बसण्याची उंची १७ इंचांच्या वर नेऊ नका. घरात वयस्कर माणसे असतील तर त्यांना बसवून पाहा आणि तळपाय पूर्ण टेकतात की नाही ते तपासा.

लाकूड सागवानच घ्या. वखारीत बल्लारशाचे सागवान मागितले तर ते बहुतेक ठिकाणी मिळते, पण तुम्ही जुन्या नाशकात चौकशी केली तर त्याहून चांगला पर्याय मिळू शकतो. पंचवटी आणि जुन्या गावठाणातील वाडे उतरवले जातात तेव्हा तुळया, खांब आणि कडीपाटाच्या कड्या विकायला येतात. कित्येक दशके छपराखाली वाळलेले ते लाकूड आता जेवढे हलायचे तेवढे हलून झालेले असते. त्यात लोखंडी खिळे खोलवर गाडलेले असतात, म्हणून करवतीला लावण्यापूर्वी चुंबकाने किंवा धातुशोधकाने तपासून घ्यावे, आणि भिंतीत रुतलेली टोके वाळवीने पोखरलेली असतात, ती सरळ कापून टाकावीत. नवे लाकूड घेतले तर पांढरा भाग नाकारा, फक्त गाभ्याचे घ्या, आणि ओलावा मोजण्याचे यंत्र लावून तो १० ते १२ टक्क्यांपर्यंत आलेला पाहा. आपल्याकडे मार्च ते मे हवा अगदी कोरडी आणि पावसाळ्यात एकदम दमट असते. ओल्या लाकडाची पावसाळ्यात केलेली खुर्ची पुढच्या एप्रिलमध्ये जोडांत उघडते. एका खुर्चीला वाया जाणारे धरून सुमारे एक घनफूट लाकूड लागेल.

सुताराशी बोलताना दोन गोष्टींवर तडजोड करू नका. पहिली म्हणजे पायाच्या लांबीला लाकडाच्या रेषा सरळ हव्यात. निमुळता काप घेतल्यावर रेषा तिरप्या जात असतील, तर खालचे टोक कधीतरी चिरफळून तुटते. दुसरी म्हणजे जोड. वरच्या जोडात दोन पाय नुसते डिंकाने चिकटवून स्क्रू मारण्याचा मोह आज सर्वत्र आहे, कारण तो पाच मिनिटांत होतो. एका लाकडात चौकोनी भोक आणि दुसऱ्याला त्यात घट्ट बसणारे कुसू काढून, वर लाकडी खुंटी ठोकलेला जोडच येथे हवा. डिंक त्याच्या मदतीला, त्याच्या जागी नव्हे. ज्या सुताराने वाड्यांचे काम केले आहे त्याला हे सांगावेही लागत नाही. बैठकीची चौकट मात्र खालून स्क्रूने बसवा, म्हणजे पुढे विणण्यासाठी ती सुटी करता येईल आणि सहाही खुर्च्या विणणाऱ्याकडे उचलून न्याव्या लागणार नाहीत.

वेत खरा घ्या, प्लास्टिकचा नको; प्लास्टिक ताणले की परत येत नाही आणि उन्हाने तडकते. तयार जाळीचा रोल खाचेत दाबून बसवण्यापेक्षा भोकांतून हाताने विणलेली बैठक जास्त टिकते, कारण प्रत्येक पदराचा ताण वेगळ्या भोकावर जातो. महाराष्ट्रात खुर्ची विणण्याचे हे काम अंध विद्यालयांतून शिकवले जात आले आहे आणि अनेक उत्तम विणणारे कारागीर दृष्टिहीन आहेत. बोटांनी ताण जोखण्यात त्यांचा हात धरणारा सहसा कोणी नसतो. त्यांना मजुरी घासाघीस न करता द्या. वापरात बैठक सैल पडली, तर खालच्या बाजूने ओल्या फडक्याने वेत भिजवून सावलीत वाळू द्यावा, तो पुन्हा ताणला जातो. वरून चकचकीत मेलामाइनचा थर देऊ नका. उकळलेले जवसाचे तेल आणि मेण पुरेसे आहे, आणि ओरखडा पडला तर ते घरीच परत लावता येते.

खुर्च्या करायला देण्यापूर्वी शक्य असेल तर चंदीगडला जाऊन या. सेक्टर ५ मधील ५७ क्रमांकाचे जानरे यांचे राहते घर २०१७ पासून संग्रहालय आहे, आणि सेक्टर १९ मध्ये ते आणि त्यांचे सहकारी जेथे बसून काम करत ते जुने वास्तुरचना कार्यालय आज ल कॉर्ब्युझिए केंद्र म्हणून जपले आहे. तेथून सुखना तलावावरही जा. प्रकृती खालावल्यामुळे १९६५ मध्ये ते जिनिव्हाला परतले आणि ४ डिसेंबर १९६७ रोजी तेथेच वारले, पण त्यांच्या इच्छेनुसार १९७० मध्ये त्यांच्या रक्षेचे विसर्जन या तलावात करण्यात आले. ल कॉर्ब्युझिए यांना जग जेवढे ओळखते त्याच्या दशांशानेही ज्यांना ओळखत नव्हते, त्या माणसाला आपले घर कोणते वाटत होते, ते यावरून समजते.

जाणे जमले नाही, तरी पहिली एकच खुर्ची नमुना म्हणून करून घ्या आणि ती घरात महिनाभर सर्वांनी वापरा. पाठीचा कल, बैठकीची खोली, हातांची उंची यांत जे दुरुस्त करायचे ते सुताराला समोर बसवून त्याच खुर्चीवर खडूने खुणा करून दाखवा, आणि मगच उरलेल्या पाच खुर्च्यांचे लाकूड कापायला सांगा.